माळ्यावरच्या सामानाबद्दल सोसायट्यांच्या कमिट्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कमिटीचे सर्व सभासद,
पुण्यातल्या तमाम गृहनिर्माण सोसायट्या

विषय : दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून उतरणारं सामान आणि शेल्टरमधली कुत्री

सप्रेम नमस्कार,

मागच्या वर्षी वसुबारसेच्या आधीच्या शनिवारी आमच्या शेल्टरच्या फाटकाशी एक टेम्पो येऊन उभा राहिला. वर ताडपत्री, तिच्यावर दोरी, दोरीत अडकवलेला एक क्रिकेटचा पॅड. बरोबर सोसायटीचे दोन उत्साही सभासद. "मॅडम, चारही विंगचं कलेक्शन आहे," असं सांगताना त्यांचा चेहरा असा फुलला होता की मलाही भरून आलं. फोटो झाले, चहा झाला, टेम्पो रिकामा झाला. मग मी आणि आमच्या मावशी ते सामान उपसायला बसलो.

त्यात काय नव्हतं? बंद पडलेला मिक्सर, एकेकटे बूट, खडे लावलेला लेहंगा, अर्धी भरलेली फिनेलची बाटली, भिंतीवरची तीन घड्याळं, बुरशी आलेल्या उशा, कोणाच्या तरी बारावीच्या वह्या आणि एक तुटलेला कमोडचा झाकण-सेट. हा शेवटचा कुत्र्यांनी कसा वापरावा अशी अपेक्षा होती, ते आजतागायत मला कळलेलं नाही. आणि या सगळ्याच्या तळाशी, एका पिशवीत, धुऊन इस्त्री करून ठेवलेल्या अकरा सुती चादरी.

त्या अकरा चादरी त्या दिवाळीत आम्हाला सोन्यासारख्या पुरल्या. उरलेल्या डोंगराचं वर्गीकरण करायला तीन दिवस लागले आणि तो उचलून न्यायला गाडीवाल्याला पैसे मोजावे लागले. ते पैसे औषधांच्या खात्यातून गेले. म्हणजे हिशेबाला बसलं तर त्या टेम्पोतून आम्हाला अकरा चादरी मिळाल्या आणि त्यांची किंमत कुत्र्यांनी दिली.

त्या सोसायटीचं नाव मी लिहिणार नाही. लोक चांगले होते, मनापासून आले होते, आणि खरं सांगायचं तर अशी ती एकटी सोसायटी नाही. म्हणूनच हे पत्र सगळ्यांना.

माझी ओळख करून द्यायची तर मी बँकेतून निवृत्त झालेली बाई. क्लिअरिंगमध्ये बरीच वर्षं काढली, चेकचे गठ्ठे लावण्यात हयात गेली. आता आठवड्यातले तीन दिवस शहराबाहेरच्या एका शेल्टरमध्ये कपड्यांची खोली सांभाळते. गठ्ठे लावायचं काम सुटलं नाही, एवढंच. आमच्याकडे कायम दीडशेच्या आसपास कुत्री असतात. काही नसबंदीसाठी आणलेली, काही गाडीखाली आलेली, काही म्हातारी झाली म्हणून मालकांनी सोडून दिलेली, काही पिल्लं. त्यांच्याखाली जे अंथरलं जातं, अंगावर जे घातलं जातं, ज्याने त्यांना पुसलं जातं, ते सगळं माझ्या खोलीतून जातं. विकत आणलेलं त्यात जवळजवळ काही नसतं. सगळं तुमच्या घरांतून आलेलं.

एका चादरीचं पुढे काय होतं, ते आधी सांगते. ते कळलं की काय पाठवायचं आणि काय नाही, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

शेल्टरची जमीन सिमेंटची किंवा शहाबादी फरशीची असते, कारण ती दिवसातून दोनदा धुवावी लागते. माणसाला हिवाळ्यात त्या फरशीवर अनवाणी उभं राहवत नाही. कंबर मोडलेलं किंवा हाडं वर आलेलं कुत्रं तिथे आठवडाभर एकाच कुशीवर पडून राहिलं की कोपराला, खुब्याला आधी घट्टा पडतो, मग जखम होते, आणि ती जखम मूळ दुखण्यापेक्षा चिवट निघते. त्याच्याखाली चौपदरी चादर असली तर हे टळतं. दुसरी गोष्ट भुलीची. शस्त्रक्रियेनंतर भूल उतरेपर्यंत कुत्र्याच्या शरीराला स्वतःची ऊब धरून ठेवता येत नाही. ते थंड पडतं, मग हुडहुडी भरते. त्या तास-दोन तासांत खाली जाड कापड, वर शाल आणि पोटाशी टॉवेलमध्ये गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, हा आमचा सगळा अतिदक्षता विभाग. बाटली टॉवेलात गुंडाळायचीच, कारण भुलीतल्या कुत्र्याला चटका बसला तरी ते बाजूला सरकू शकत नाही. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या आम्ही का मागतो, असं मला एका वहिनींनी विचारलं होतं. तर ते यासाठी.

सकाळी हीच चादर मलमूत्रात भरलेली असते. ती आधी झटकायची, कारण केस मशीनच्या जाळीत गेले की मशीन बसतं. मग भिजवायची, धुवायची, पिळायची, वाळवायची आणि संध्याकाळच्या आत परत घालायची. आमच्याकडे मशिनं दोन, दोऱ्या सहा, आणि पावसाळा चार महिने. आता तुम्हीच सांगा, मला कुठलं कापड लागेल?

धोतर लागेल. हसू नका. पातळ, मऊ, शंभर वेळा धुतलेलं, पाणी शोषणारं आणि पंख्याखाली तासाभरात वाळणारं, असं सुती धोतरासारखं दुसरं कापड नाही. पण धोतर नेसणारी पिढी गेली आणि त्यांची धोतरंही संपत आली. दुसरा नंबर पंच्याचा. मग सुती नऊवारी : एका लुगड्याचे आठ तुकडे होतात, आणि नातीने आजीचं लुगडं दिलं की ती एकदा तरी सांगतेच, "हे ती रोजच्याला नेसायची." मग साध्या सुती चादरी, सिंगल असोत वा डबल, विटल्या असल्या, मधे विरल्या असल्या तरी चालतील. टॉवेल तर कितीही द्या, कसेही द्या. भेदरलेलं कुत्रं उचलायचं असेल तर आधी त्याच्या डोळ्यांवरून टॉवेल टाकावा लागतो. दिसेनासं झालं की ते थोडं शांत होतं आणि उचलणाऱ्याचे हातही शाबूत राहतात.

गोधडीबद्दल मात्र मला जरा कटू बोलायचं आहे. गोधडी म्हटलं की सगळ्यांचा गळा दाटतो. माझाही दाटतो, माझ्या आईच्या हातची एक माझ्याकडे आहे आणि ती मी कोणालाच देणार नाही. पण श्रावणात ओली झालेली गोधडी दोन बायकांना उचलत नाही, मशीनमध्ये बसत नाही, चार दिवस वाळत नाही आणि पाचव्या दिवशी तिला वास येतो. तेव्हा गोधड्या, रजया, वाकळी आम्हाला कार्तिकात द्या. कोरड्या थंडीत, म्हाताऱ्या कुत्र्यांच्या ओळीत, त्यांच्यासारखं काही नाही. जून ते सप्टेंबर मात्र त्या तुमच्याच माळ्यावर राहू द्या.

सिंथेटिक साड्या नकोत. जॉर्जेट, नायलॉन, शिफॉन, जरीकाठ, सगळ्यालाच नाही म्हणा. त्या पाणी शोषत नाहीत, कुत्रं ओल्यातच पडून राहतं. जरीचा धागा सुटून पायाला आवळतो, दातात अडकतो. या साड्या बोहारणीला द्या आणि डबा घ्या. बोहारीण हल्ली कमी दिसते हे खरं, पण दिसली तर तिला हाक मारा, ती हे सामान आमच्यापेक्षा चांगलं जाणते. आमची तक्रार इतकीच, की सुती चांगलं ते बोहारणीला जातं आणि नायलॉन तेवढं आमच्याकडे येतं. एखाद्या वर्षी उलट करून पाहा.

उशा आणि फोमच्या गाद्यांचंही तसंच. कंटाळलेलं कुत्रं उशी फाडतं आणि आतला कापूस, स्पंज गिळतं. तो आतड्यात अडकला की पोट उघडावं लागतं. उशीचा अभ्रा मात्र द्या. त्यात वर्तमानपत्राचे कपटे भरून आम्ही पिल्लांसाठी गादी करतो. घाण झाली की कपटे फेकायचे, अभ्रा धुवायचा. पडद्यांच्या वरच्या लोखंडी रिंगा काढूनच पाठवा. बटणं, हुक, सेफ्टी पिना, चेन यांचंही तसंच. हे आमच्याकडे आल्यावर मी काढते, पण माझे डोळे आता साठीच्या पुढचे आहेत.

आता शालींकडे येते. महाराष्ट्रात एकही घर असं नसेल जिथे सत्काराच्या शालींचा गठ्ठा नाही. निवृत्तीची शाल, साठीशांतीची, ज्येष्ठ नागरिक संघाची, वॉर्डातल्या मान्यवरांच्या हस्ते मिळालेली. श्रीफळाची चटणी त्याच आठवड्यात होते, शाल मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत वर्षानुवर्षं राहते. अंगावर घ्यावी इतकी जाड नसते आणि टाकून द्यावी तर मान आड येतो. त्या आम्हाला द्या. भुलीतून उठणाऱ्या कुत्र्यावर घालायला तीच जाडी लागते. आमच्या वॉर्डात एका रांगेत बारा भटकी कुत्री शाली पांघरून पडलेली असतात तेव्हा हुबेहूब सत्कार समारंभ दिसतो, फक्त भाषणं नसतात.

ब्लाउजपीसचंही सांगून टाकते. हळदीकुंकवातून हळदीकुंकवात फिरणारे, कधीही न शिवले जाणारे खण. कुत्री दत्तक द्यायच्या शिबिरात आम्ही ते तिरके दुमडून गळ्यात रुमालासारखे बांधतो. रंगीत रुमाल बांधलेल्या काळ्या कुत्रीकडे लोक दोनदा बघतात, बिनरुमालाच्या काळ्या कुत्रीकडे एकदाही नाही. असं का, ते मला विचारू नका. आपण लग्नाच्या मुली बघण्यातही शहाणे नव्हतो.

कापडाशिवाय आणखी काय काय, तर प्रत्येक कपाटात तळाला एक मोठं खाकी पाकीट असतं. त्यात घरच्यांचे एक्स-रे. गुडघा २००९, छाती २०१४, मणका दोन बाजूंनी. डॉक्टर परत कधी बघत नाहीत आणि आपण टाकत नाही. ती फिल्म शंकूसारखी वळवून, कडांना चिकटपट्टी लावून कुत्र्याच्या गळ्यात बसवली की टाके चाटायला तोंड पोचत नाही. बाजारात हीच कॉलर प्लॅस्टिकची मिळते, पण ती दोन दिवसांत फुटते आणि एका कुत्र्याला तीन लागतात. सध्या आमच्याकडे एक तांबूस कुत्रा कोणाच्या तरी आजोबांचा खुबा गळ्यात घालून हिंडतो आहे. फक्त फिल्मवरची नावाची पट्टी कापून पाठवा. तुमच्या खुब्याची हकीकत आमच्या सगळ्या मंडळींना कळायचं कारण नाही.

जुने टी-शर्ट. डोकं गळ्यातून, पुढचे पाय बाह्यांतून, मागे पाठीवर गाठ : पोटावरचे टाके झाकले. लहान मुलांची झबली पिल्लांना बरोबर होतात. मोजे पायाच्या बँडेजवर चढतात, म्हणून जोडीतला एकटा उरलेला मोजाही आम्हाला चालतो. तो तुमच्या ड्रॉवरमध्ये आहे, मला माहीत आहे. बाळाची बाबागाडी आली तर आमचा एक स्वयंसेवक तिची चाकं काढून, पीव्हीसी पाइप जोडून, मागचे पाय गेलेल्या कुत्र्यासाठी गाडा करतो. पहिल्या दिवशी कुत्रं जागचं हलत नाही, तिसऱ्या दिवशी आवरत नाही. बाळाचा टब गोचिडांच्या औषधाची अंघोळ घालायला. घमेली, परात, जाड बुडाची पातेली द्या, पण टवके उडालेलं नॉनस्टिक नको. पाण्याला सगळ्यात उत्तम सिमेंटची पसरट कुंडी, कारण ती उलटत नाही. पातळ स्टीलचं ताट रात्री दोन वाजता कुत्रं तोंडात धरून फरशीवर आपटतं, आणि मग सगळी दीडशे जागी होतात.

पाणी साठवायची निळी पिंपं. टँकर बंद झाले, नळ आला, की सोसायटीच्या जिन्याखाली ती पडून असतात. उभं चिरलं तर दोन पलंग, आडवं ठेवून तोंड कापलं तर एक घर. आत गोणपाट घातलं की पावसाळ्यातही कुत्रं कोरडं राहतं. ज्या पिंपात रसायन किंवा रंग होता ते मात्र नको. टायर द्यायचे तर आधी विचारा, त्यांना भोकं पाडली नाहीत तर पाणी साचून डास होतात, आणि डेंग्यू पसरवल्याबद्दल आरोग्य खात्याने आम्हाला नोटीस द्यावी अशी माझी इच्छा नाही.

आणि फ्लेक्स! या एका बाबतीत पुण्यासारखं श्रीमंत शहर नाही. वाढदिवस, निवड, अभिनंदन, भावी नगरसेवक, भावी आमदार. उच्च न्यायालयाने बेकायदा फलकांवरून किती वेळा कान उपटले, तरी पीक कमी होत नाही. तुमच्या सोसायटीच्या भिंतीवरचा उतरवलेला फ्लेक्स आम्हाला पाठवा. केनेलच्या पश्चिमेला बांधला की पावसाची झड आत येत नाही. छापील बाजू आम्ही आतल्या अंगाने लावतो, त्यामुळे गेला जुलैभर आमची लंगडी कुत्री एका कार्यसम्राटाच्या पायाशी झोपून होती. लोकसेवा म्हणतात ती हीच असावी.

वर्तमानपत्रं हवीत, आणि ती मात्र गठ्ठ्यांनी. रद्दीवाला पैसे देतो हे मला मान्य आहे. तरी महिन्यातून एक गठ्ठा. कारण सांगते. पार्वो नावाचा पिल्लांचा आजार आहे, रक्ताचे जुलाब होतात आणि पिल्लू दोन-तीन दिवसांत जाऊ शकतं. त्याचा विषाणू साध्या साबणाने मरत नाही, मातीत, कापडात महिनोन्महिने टिकतो, ब्लीचने जातो. म्हणून पार्वोच्या खोलीत आम्ही कापड घालतच नाही. तिथे कागद, दर तासाला नवा. गुळगुळीत रंगीत पुरवणी नको, ती शोषत नाही.

इथे एक अवघड गोष्ट लिहायची आहे. ज्या घरातलं पिल्लू पार्वोने गेलं असेल त्यांनी त्याची गादी, ब्लँकेट, खेळणी आम्हाला देऊ नयेत. अशा वस्तू लोक फार प्रेमाने आणतात, पिशवीला रिबन बांधून आणतात. एक मुलगी तर रडत होती. मी ती पिशवी घेतली, तिला पाणी दिलं, आणि ती गेल्यावर पिशवी न उघडता जाळली. तिला खरं सांगायचं धाडस मला त्या दिवशी झालं नाही. ते या पत्रात सांगते आहे. म्हातारपणाने किंवा अपघाताने गेलेल्या कुत्र्याचं सामान मात्र जरूर द्या.

आणि माणसांचंही. घरातलं कोणी बरेच दिवस अंथरुणाला खिळून गेलं की मागे काय काय उरतं, हे ज्यांनी काढलंय त्यांना माहीत आहे. मोठ्यांच्या डायपरची न उघडलेली पाकिटं, अंडरपॅड, कापसाचे गुंडाळे, सलाईनचा स्टँड, एअरबेड. तेराव्यानंतर ते कोणाला द्यावं कळत नाही, आणि डोळ्यांसमोर नको असतं. मागच्या वर्षी एक गृहस्थ हे सगळं घेऊन आले आणि गाडीतून उतरेनात. मी खिडकीपाशी गेले. म्हणाले, "हे कुत्र्यांना दिलं तर आईला वाईट वाटेल का?" मी म्हटलं, या बघायला. पाठीचा कणा मोडलेली एक कुत्री आहे, तिला मूत आवरत नाही, तिच्याखाली दिवसाला सहा अंडरपॅड लागतात. त्यांनी बराच वेळ बघितलं. नंतर त्यांनीच एक पाकीट फोडलं आणि मावशींना विचारलं, निळी बाजू वर की खाली. खाली.

औषधं मात्र आपल्या मनाने कुत्र्याला देऊ नका, आणि आमच्याकडे उघड्या पट्ट्या पाठवू नका. आपलं पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन कुत्र्याच्या जिवावर उठू शकतं. फराळही नको. चिवड्यातले बेदाणे, तळलेला कांदा, चॉकलेटं, हे सगळं कुत्र्याला विष आहे. तांदूळ द्या.

आता कमिट्यांशी थोडं सरळ बोलते. तुमच्या सभेत कुत्र्यांचा विषय निघाला की अर्धी सभा एका बाजूला आणि अर्धी दुसऱ्या बाजूला होते, हे मला ठाऊक आहे, मीही एका सोसायटीत राहते. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत सोसायटीतल्या कुत्र्यांना खायला घालण्याची जागा ठरवायची जबाबदारी रहिवाशांच्या संस्थेवर टाकली आहे, मुलांच्या खेळण्याच्या जागा आणि जिने सोडून, हेही तुम्हाला कोणीतरी ऐकवलं असेल. सर्वोच्च न्यायालयाचे २०२५ चे आदेश तर टीव्हीवर रोज होते. ऑगस्टमध्ये दिल्लीची कुत्री आधी उचलून शेल्टरमध्ये ठेवायची, मग नसबंदी-लसीकरण करून जिथली तिथे सोडायची, पिसाळलेली आणि चावरी वगळून. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, बस स्थानकं, रेल्वे स्थानकं इथली कुत्री उचलून परत तिथे न सोडता निवाऱ्यात ठेवायची. या आदेशांवर माझं मत आहे, पण हे पत्र त्याचं नाही.

मला एवढंच दिसतं की ज्यांना सोसायटीत एकही कुत्रं नको आहे आणि ज्यांना प्रत्येक कुत्रं हवं आहे, त्या दोघांनाही नसबंदी तर हवीच आहे. नसबंदी म्हणजे गाडी पाठवून कुत्रं नेणं आणि खुणेसाठी कानाचं टोक कापून परत सोडणं नाही. मधले दिवस ते कुठेतरी फरशीवर पडलेलं असतं, पोटाला टाके असतात, आणि खालची चादर कोरडी असली तर टाके पिकत नाहीत. टाके पिकले की पिंजरा अडतो, पिंजरा अडला की तुमच्या गेटवरच्या कुत्रीचा नंबर लांबतो, आणि तोवर ती सहा पिल्लं घालते. तेव्हा सभेत जे काका टेबलावर हात आपटून "ही कुत्री कमी झालीच पाहिजेत" म्हणतात, माझी पहिली विनंती त्यांना आहे. काका, तुमच्या घरच्या जुन्या चादरी द्या. कुत्र्यांवर प्रेम करायची अट नाही.

दुसरी विनंती हाऊसकीपिंगच्या सुपरवायझरना. गेटवरचं कुत्रं ज्या पोत्यावर झोपतं ते पोतं रोज सकाळी कचऱ्यात जातं आणि कोणीतरी रोज रात्री नवं आणून टाकतं. महिन्याला तीस पोती. त्यापेक्षा एकच जाड गोणपाट वॉचमनच्या केबिनमागे राहू द्या, आठवड्याला उन्हात टाका.

तिसरी विनंती, म्हणजे खरं काम. प्राण्यांसाठी काही करायचं तर मोठ्या देणग्याच लागतात असं आपल्याला वाटतं. लागतातही. मुंबईला परळचं बैलघोड्याचं हॉस्पिटल दिनशा माणेकजी पेटिटांनी पत्नी साकरबाईंच्या नावाने १८८३ मध्ये उभं केलं, ते अजून चालू आहे. तेवढं तुमच्याकडे मी मागत नाही. मी मागते आहे पार्किंगमधला एक कोपरा, दसरा ते वसुबारस, आणि सूचना फलकावर एक कागद. मजकूर मीच लिहून देते, म्हणजे त्यावर दोन सभा होणार नाहीत :

"शेल्टरमधल्या कुत्र्यांसाठी जुने सुती कापड, टॉवेल, शाली, एक्स-रे, वर्तमानपत्रे येथे ठेवावीत. धुऊन ठेवावीत. हुक, रिंगा, बटणे काढावीत. साडी सिंथेटिक आहे की सुती हे कळत नसल्यास सासूबाईंना विचारावे. बुटाचा एकच पाय ठेवू नये. कुत्र्यास चार पाय असले तरी तो बूट घालत नाही. जे स्वतःच्या घरी कोणाखाली अंथरणार नाही ते येथे ठेवू नये. ही कचराकुंडी नव्हे. कचराकुंडी मागे आहे. – कमिटी"

कोपऱ्यात तीन खोकी ठेवा : कापड, कागद, इतर. 'इतर' वर कोणीतरी एकाने रोज नजर टाकायची. प्रत्येक सोसायटीत असा एक निवृत्त माणूस असतो ज्याला हे काम दिलं तर तो आणखी दहा वर्षं जगेल. टेम्पो शक्य तर रविवारी सकाळी दहानंतर पाठवा, आधी औषधपाणी चालू असतं. फोटो काढायचे तर आत शिरताना कुत्र्यांच्या तोंडावर फ्लॅश नको. आणि टेम्पोबरोबर येणाऱ्यांनी अर्धा तास हाताशी ठेवावा. चहा आहेच, पण त्या अर्ध्या तासात घड्या घालायला चार हात मिळाले तर मला दोन दिवस मोकळे मिळतात.

नक्षत्रांचं देणं लागत नाही. दोन बेडरूमच्या एका घरातून दोन चादरी, तीन टॉवेल, एक शाल आणि महिन्याची रद्दी. शंभर घरांची सोसायटी असेल तर आमचा अख्खा हिवाळा निघतो.

कळावे, लोभ असावा.

आपली,
कपड्यांच्या खोलीतली काकू

ता. क. : मागच्या कार्तिकात निळ्या चौकड्यांची, लाल दोऱ्याने टाचलेली एक गोधडी आली होती. एका म्हाताऱ्या कुत्र्याने तिचा कोपरा उसवला, तेव्हा आतून कॅलेंडरच्या कागदात गुंडाळलेल्या पाचशेच्या सात नोटा निघाल्या. जुन्या, नोव्हेंबर २०१६ मध्ये बंद झालेल्या. त्या दिवसांत मी काउंटरवर होते, त्यामुळे त्यांची आता किंमत काय हे मला कोणी सांगायला नको, आणि दहापर्यंत नोटा जवळ ठेवायला कायद्याची हरकत नाही हेही मला माहीत आहे. ज्या आजींनी त्या शिवल्या होत्या त्यांच्या घरच्यांनी येऊन घेऊन जाव्यात. कॅलेंडरचा तुकडा कुठल्या महिन्याचा आहे एवढं सांगितलं की पुरे. गोधडी मात्र परत मिळणार नाही, तो उठायला तयार नाही.